रोजच्या दिनक्रमात वनस्पतींचा चहा

वनस्पतींच्या मिश्रणाचा चहा रोज घ्यायचा असेल, तर प्रथम त्यातील घटक पाहावेत, कारण पाने व फुले आणि मुळे व साली यांना एकच कृती लागू पडत नाही. पुदिना, गवती चहा किंवा कॅमोमाइलची फुले यांचा साधारण 1 चमचा 200 मिली उकळत्या पाण्यात घालून 5 ते 10 मिनिटे झाकून ठेवावा. झाकण न ठेवल्यास सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात आणि चव व वास दोन्ही फिके पडतात. आले, दालचिनी, ज्येष्ठमध यांसारखे कठीण घटक मात्र मंद आचेवर 10 ते 15 मिनिटे उकळावेत, आणि मिश्रणात दोन्ही प्रकार असतील तर पाने गॅस बंद केल्यावरच घालावीत. बडीशेप ऐनवेळी ठेचलेली बरी.

सकाळी आल्याचे आणि रात्री कॅमोमाइलचे मिश्रण घेणे सोयीचे ठरते. मात्र रात्रीच्या मिश्रणात ग्रीन टी मिसळलेला नाही ना, हे वेष्टनावर पाहावे, कारण त्यात कॅफीन असते.

ज्येष्ठमधाबाबत विशेष सावधगिरी हवी. त्याच्या नियमित व अति सेवनाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते, त्यामुळे केवळ गोडव्यासाठी ते रोज घेणे मला योग्य वाटत नाही. पुदिन्याने काहींची छातीतील जळजळ वाढते. गर्भवती स्त्रियांनी, तसेच नियमित औषधे घेणाऱ्यांनी, कोणतेही मिश्रण सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.