पेठेचा जन्म शोधायचा तर चतुःसीमा वाचा

आमच्या भुसावळसारख्या जंक्शनच्या बाजारपेठेचं मूळ शोधायचं असेल, तर आधी रेल्वेच्या तारखा समोर ठेवा. १८६५ ला थळ घाट (कसारा घाट) रेल्वेला खुला झाला, १८६७ ला गाडी नागपूरला पोचली आणि १८७० ला जबलपूरच्या बाजूने मुंबई-कलकत्ता रूळ जुळले. नागपूर आणि खंडवा हे दोन्ही फाटे भुसावळात फुटतात, म्हणून इंजिनं आणि ती चालवणारी माणसं इथं मुक्कामाला आली. पेठ उभी राहिली ती त्यांच्या महिन्याच्या पगारावर, असं माझं ठाम मत आहे. १८८० चं खानदेश गॅझेटियरही वाचून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका.

खरा खजिना जुन्या खरेदीखतात असतो. किंमत नंतर बघा, आधी चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते वाचा. 'पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमक्याचं दुकान, दक्षिणेस पडीत जागा, उत्तरेस रेल्वेची हद्द' एवढ्या ओळीत एका जागेबरोबर आजूबाजूच्या जागाही कळतात. पुढच्या खतात त्याच पडीत जागी दुकान आलं असेल, तर ते कोणत्या काळात बांधलं हेही हाती लागतं. खत सापडत नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. तिच्यातल्या फेरफारांवरून आधीच्या धारकांची नावं मिळतात; ती घेऊन त्या घरच्यांकडे किंवा खतं नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांकडे जा. सिटी सर्व्हेच्या नकाशाच्या झेरॉक्सवर एकेक नाव पेन्सिलीने भरत चला. नावं एकमेकांना भिडू लागली की अख्खी पेठ डोळ्यांपुढे उभी राहते, आणि तो आनंद फार मोठा आहे!

मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने नाव लावू नका. साल शके असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा (पौषाच्या सुमारास ७९). गुजराती वह्यांत विक्रम संवत असतो आणि वर्ष दिवाळीला बदलतं: दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा, त्यानंतर ५६. संवत १९३५ चा कार्तिक म्हणजे १८७८.

पाटीवरच्या 'स्थापना' सालावर विसंबू नका. पेढी दुसऱ्या गावात सुरू होऊन इथं नंतर आलेली असू शकते.

म्हाताऱ्या माणसांना 'पूर्वी पेठ कशी होती?' असं विचारलं तर 'फार छान होती' एवढंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी 'पगार झाला की उधारी आधी कोणाची फेडायचात?' असं विचारा. मग दुकानं ओळीने आठवतात. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख तिथंच टिपा, आणि कागदाचा फोटो त्यांना विचारून, त्यांच्यासमोरच काढा.