कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाचे दाणे दिसले तर

जंत फक्त पिल्लांना होतात, असं समजू नका. मोठ्या कुत्र्याच्या शेपटीखालच्या केसांत किंवा त्याच्या गोधडीवर तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं, तर वाकून नीट बघा. ताजं असेल तर वळवळतं, वाळलं की तिळासारखं पिवळट, कडक होतं. हे पट्टकृमीचे, म्हणजे पट्टीसारख्या लांब, चपट्या जंताचे तुकडे. जंताचं प्रत्येक औषध यावर चालतंच असं नाही. बहुतेक वेळा प्राझिक्वांटेल असलेली गोळी लागते, तीही वजनाच्या हिशेबाने. म्हणून आधी वजन करा, मग डॉक्टरांना विचारून द्या.

खरी गोम मात्र पिसवांत आहे. अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्यातूनच हा जंत पोटात जातो. पिसवा तशाच राहिल्या तर महिन्याभरात तुकडे पुन्हा हजर. अंथरूण गरम पाण्यात धुवा, पिसवांचं औषध घरातल्या सगळ्या जनावरांना करा. मांजराचं औषध वेगळं घ्या. कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजराच्या जिवावर बेततं.

जुलाब दोन दिवसांत थांबले नाहीत, शी काळी किंवा रक्ताची झाली, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर घरी गोळ्या देत बसू नका. ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.