स्वस्त प्रिंटर की महाग? असमिका मांडून बघा

प्रिंटर घेताना मी आधी कागद-पेन घेते. किंमत बघून हरखून जाण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: किती पानांनंतर महाग यंत्र स्वस्त पडेल?

समजा, पहिल्याची किंमत ६०००, दर पानाला ३ खर्च. दुसऱ्याची १५०००, पानाला ०.५. पानांची संख्या क्ष धरा. दुसरा परवडायला हवा, म्हणजे त्याचा एकूण खर्च पहिल्यापेक्षा कमी हवा. हे लहान-मोठेपणाच्या चिन्हाने लिहिलं की झाली असमिका:

१५००० + ०.५क्ष < ६००० + ३क्ष

९००० < २.५क्ष, म्हणून क्ष > ३६००.

क्ष डावीकडे नेलात तर −२.५क्ष < −९००० येतं. आता ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटवायचं. इथेच माझी पूर्वी चूक झाली होती आणि उत्तर नेमकं उलटं आलं होतं. तेव्हापासून मी क्ष = ० ठेवून पडताळते: शून्य पानांना स्वस्त यंत्रच जिंकलं पाहिजे.

दुरुस्तीचा खर्च मात्र विसरू नका, तो फार महत्त्वाचा. दुसऱ्याला एकदा २००० लागणार असतील तर सीमा ४४०० पानांवर जाते. महिन्याला १०० पानं छापत असाल तर त्याला ४४ महिने लागतील. यंत्र ३६ महिनेच टिकणार असेल, तर मी बिनदिक्कत पहिलाच घेईन.