मोहाचा चोथा: ताजा बुंध्याशी नको, कुजवून मृगाला द्या

सातपुड्याच्या पायथ्याशी मार्च-एप्रिलात मोह पडतो. फुलं आंबवून रस गाळला की फडक्यात चोथा उरतो आणि भांड्याच्या तळाशी पिवळट गाळ. (दारूच्या परवान्याचा विषय वेगळा, इथं फक्त उरलेल्याचं बोलू.) हा चोथा ताजाच वांग्या-मिरचीच्या बुंध्याशी ओतला तर झाड पिवळं पडतं. चोथा आंबट असतो, त्यात थोडा मद्यार्क आणि साखरही राहते. साखरेवर जिवाणू तुटून पडतात आणि मुळांजवळचा प्राणवायू व नत्र तेच संपवतात. शिवाय मुंग्या, माश्या लागतात त्या वेगळ्याच.

चोथा नीट पिळून ताडपत्रीवर रात्रभर पसरून ठेवा, मद्यार्क उडून जातो. मग १ घमेलं चोथ्याला २ घमेली कोरडा काडीकचरा (गव्हाचा भुसा, तुरीचं भुसकट, वाळला पाला), अर्धं घमेलं शेण आणि दोन मुठी जुनं खत किंवा शेतातली माती मिसळा. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) घालायच्या तर बोटभर तुकडे करून. अख्ख्या घातल्या तर पावसाळ्यापर्यंत कुजत नाहीत. केळीचं खोड चालतं, त्यातून पालाशही मिळतं. मात्र ते जवळजवळ सगळं पाणीच असतं, त्यामुळे काडीकचऱ्यात धरू नका. ढीग चिकट होण्याचं कारण बहुतेकदा हेच खोड असतं.

ढीग ३ फूट लांब, ३ रुंद, ३ उंच हवा. लहान ढीग तापत नाही. आपल्याकडे वैशाखात ढीग कुजण्याआधी वाळतोच, म्हणून तो सावलीत लावून ओल्या गोणपाटानं झाका. मूठ आवळल्यावर बोटांत ओल लागावी, थेंब गळू नये. पाचव्या दिवशी मधोमध लोखंडी सळई खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर काम सुरू आहे. तेव्हा पहिली पलटी द्या, पुढे दर आठवड्याला एक.

सिरक्यासारखा वास आला तर ओल जास्त आणि हवा कमी: भुसा घालून पलटा. नाकात झोंबणारा वास म्हणजे शेण जास्त, त्यालाही भुसाच. काहीच तापत नसेल तर बहुधा ढीग कोरडा आहे. आंबटपणा मारायला चुना किंवा राख टाकायचा सल्ला मिळेल, तो इथं सोडून द्या. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी आधीच भरपूर आहे, आणि कुजताना आंबटपणा आपोआप जातो.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी ढीग लागला तर मृगाच्या सुमारास खत हाती येतं. उशीर परवडत नाही, कारण वळवाचा पहिला पाऊस पडला की हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि कच्च्या खतात अंडी घालतात. ढीग कडुलिंबाखालीच असेल तर पावसाआधी घट्ट झाकावा. खत काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचं झालं की वांग्याच्या आळ्यात १ किलो, भाजीच्या १० फूट बाय ३ फूट वाफ्यात २ घमेली घाला.

तळाचा गाळ म्हणजे मुख्यतः मेलेलं-जिवंत यीस्ट. त्यात नत्र चांगलं असतं, पण ते कुजल्यावरच पिकाला मिळतं. म्हणून तो ढिगात ओतणं उत्तम. थेट द्यायचाच तर एक दिवस उघडा ठेवून १ लिटरला २० लिटर पाणी, बुंध्यापासून वीतभर लांब ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदाच. कुंडीत नको, कुंडीतल्या मातीला लगेच वास मारतो.

आंबवताना नवसागर किंवा तुरटी घातलेला चोथा मात्र ढिगातही घेऊ नका. नवसागरातल्या क्लोराइडनं निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत खारेपणा वाढतो. आंबवणात जुन्या बॅटरीतला माल पडला असेल तर त्यातलं शिसं कुजून जात नाही. असा चोथा भाजीच्या जवळही नको.

पसरलेल्या चोथ्यापासून बैल, शेळ्या दूर बांधा. गोडसर वासानं त्या भरपेट खातात आणि मग पोटात आम्ल वाढून जनावर खाली बसतं.