पाय चालताना दुखतात की उभे राहून?

पायांतला रक्तपुरवठा बिघडला आहे असे आपण सरसकट म्हणतो. मात्र रक्त पायापर्यंत पोहोचत नाही की पोहोचलेले वर परतत नाही, हे आधी ठरवावे लागते, कारण एका त्रासावरचा उपाय दुसऱ्यात अपाय करू शकतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ठरावीक अंतर चालले की पोटरी आवळून येते, माणूस भाव विचारण्याच्या निमित्ताने मिरच्यांच्या ढिगापुढे थांबतो आणि दोन-चार मिनिटांत कळ ओसरते. असे वारंवार होत असेल तर धमनी, म्हणजे पायाकडे रक्त नेणारी वाहिनी, अरुंद झाल्याची शंका घ्यावी. याउलट दिवसभर दुकानात उभे राहिल्यावर संध्याकाळी घोटे सुजत असतील, मोज्याचा वळ उमटत असेल आणि पाय उशीवर ठेवल्यावर बरे वाटत असेल, तर दोष बहुधा शिरांच्या, म्हणजे रक्त वर परत नेणाऱ्या वाहिन्यांच्या, झडपांत असतो.

घरी पाऊलपाठीवर आणि आतल्या घोट्यामागे बोटे हलकेच टेकवून नाडी पाहावी. पाऊलपाठीवरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये. डॉक्टर घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात, उत्तर 0.90 किंवा त्याहून कमी आले, तर धमनीचा आजार धरला जातो.

त्यावरचे पहिले औषध म्हणजे तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद करणे. ‘दिवसाला एकच’ ही सवलत मी तरी मानत नाही. दुसरे, डॉक्टरांना विचारून मिरामारसारख्या सपाट जागी आठवड्यातून निदान 3 दिवस, 30 ते 45 मिनिटे, कळ येईपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे; फरक दिसायला साधारण 12 आठवडे लागतात. मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्या चुकवू नयेत.

शिरांच्या त्रासात घट्ट मोजे उपयोगी पडतात, पण धमनी तपासल्याशिवाय ते चढवू नयेत. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये, आणि मधुमेह्यांनी भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा टाळावी, कारण फोड आलेला कळतही नाही.

पाय अचानक थंड, पांढरा आणि बधिर पडून असह्य दुखू लागला, तर चोळत न बसता 108 ला फोन करून बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) गाठावे. तो पाय वाचवायला हाताशी काही तासच असतात. एकच पाय एकाएकी सुजला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.