घोडा मान झटकतोय? नवा लगाम घेण्याआधी या चुका टाळा

चिक्कोडी-अथणीकडे घोडागाडी पळवणारे असोत, बेळगावात वरातीला घोडी देणारे असोत, नाहीतर हौसेने एखादं मारवाडी शिंगरू वाढवणारे. घोडा लगामाला ऐकेनासा झाला की सगळ्यांना एकच उपाय सुचतो. आणखी कडक लगाम आणा. माझ्या मते निम्मा घोटाळा इथेच होतो. लगाम ओढल्यावर तोंड उडवणारा घोडा बहुतेक वेळा माजलेला नसतो, त्याचं तोंड दुखत असतं. त्यात आणखी कडक लोखंड गेलं की तो जास्त झटकतो, मालक जास्त ओढतो, आणि जखम भरायला उसंतच मिळत नाही.

तोंड न बघता कडियाळं बदलणं

तोंडातलं लोखंड, म्हणजे कडियाळं, पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर बसतं. तिथली कातडी पातळ, खाली लगेच जबड्याचं हाड. नरांना याच जागेत सुळे असतात. काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेला लागून एक चिमुकला जादा दात येतो, त्यावर लोखंड आपटलं की घोडा दचकतो. शिवाय वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने धार चढते. नाकपट्टी करकचून आवळली की गाल त्या धारेवर दाबला जातो. दोष दाढेचा असतो, शिव्या लगामाला बसतात. दाढा वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून तपासून, लागल्या तर कानशीने घासून घ्याव्यात.

वयही बघा. साधारण अडीच ते साडेचार वर्षांत दुधाचे दात पडून पक्के येतात, आणि नेमकं त्याच काळात आपण शिंगराला लगाम शिकवायला घेतो.

आपल्या भागात आणखी एक कारण हमखास निसटतं: कुसळं. दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळलं की त्याची कुसळं ओठाच्या आत, हिरडीत, जिभेखाली रुततात आणि तिथे फोड येतात. ओठ उलटून उजेडात बघा. दाढांमध्ये मात्र स्वतः हात घालू नका. ते काम जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं, त्यांच्याकडे तोंड उघडं धरायचं साधन असतं. जखम दिसली तर ती पूर्ण भरेपर्यंत तोंडात लोखंड नको.

जाड म्हणजे मऊ, हा समज

हे अर्धसत्य आहे. जाड दांडीने दाब पसरतो, हे खरं. पण लहान तोंडाच्या, जाड जिभेच्या घोड्याला ती मावतच नाही. तो तोंड उघडं ठेवतो किंवा जीभ बाहेर काढतो, आणि आपण म्हणतो, खोड लागली. मधोमध एकच सांधा आणि दोन्ही टोकांना कड्या असलेलं साधं कडियाळं, म्हणजे स्नॅफल, ओढल्यावर घडी पडून जीभ दोन्हीकडून आवळतं, काहींच्या टाळूलाही टोचतं. अशा घोड्याला दोन सांध्यांचं, मधे गुळगुळीत मणी असलेलं किंवा बिनसांध्याची किंचित वाकवलेली दांडी बहुधा मानवते. बहुधाच म्हणतो, कारण शेवटी घोडा ठरवतो.

काटेरी कडियाळ्याबद्दल चर्चाच नको. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटे किंवा टोकदार उंचवटे असलेले लगाम वापरायला बंदी घातली आहे. तरीही बाजारात ते मिळतात, आणि घेणारेही मिळतात. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून माउलींचे अश्व दरवर्षी वारीसाठी निघतात. रिंगणात माउलींचा अश्व स्वाराशिवाय धावतो तेव्हा आपण हात जोडतो, आणि घरी येऊन आपल्या घोड्याच्या तोंडात काटे घालतो!

अंदाजाने माप घेणं

दोरी तोंडातून आडवी धरा, दोन्ही ओठांच्या कडेला खूण करा, मोजा. कडियाळं बसल्यावर दोन्हीकडे जेमतेम अर्धा सेंटिमीटर मोकळं राहावं. तोकडं असेल तर ओठाचे कोपरे कडीत चिमटतात, लांब असेल तर सांधा एका बाजूला सरकतो. कोपऱ्यात पांढरे केस किंवा फिकट डाग दिसले तर ते जुन्या काचण्याचे असू शकतात. तोंडात कडियाळ्याची उंची अशी ठेवा की सुळ्यांना धक्का लागणार नाही आणि ओठही ताणले जाणार नाहीत. नाकपट्टीखाली दोन बोटं सहज जावीत. जुनं कडियाळं स्वस्तात मिळालं तर त्यावर अंगठा फिरवून बघा. मुलामा उडालेला असेल किंवा सांध्याची भोकं झिजून धार आली असेल तर ते भंगारातच शोभतं.

लक्षण एक, इलाज भलताच

एकाच बाजूला वळताना झटकत असेल तर आधी त्या बाजूच्या दाढा आणि गाल बघा. चावलेला कडबा गोळा होऊन तोंडातून पडत असेल तर प्रश्न दातांचा आहे, कितीही महागाचा लगाम आणलात तरी सुटणार नाही. लगाम चढवतानाच मान वर नेत असेल तर चढवताना दातांवर लोखंड आपटतंय का, कान दुखतोय का, ते तपासा.

एक सोपी परीक्षा आहे. बंदिस्त जागेत काही दिवस तोंडात लोखंड न घालता नुसत्या म्होरकीवर फिरवा. झटकणं थांबलं तर कारण बहुधा तोंडात आहे. नाही थांबलं तर खोगीर, पाठ, कान, डोळे यांच्याकडे वळा. पण म्होरकीवर भागतंय म्हणून हायवेवर नेऊ नका. आणि तिचा पट्टा नाकाच्या मऊ टोकावर न ठेवता वर, कठीण हाडावर ठेवा.

वरातीच्या आणि शिवजयंती मिरवणुकीच्या घोड्यांबाबत तर मी लगाम पाहुण्याच्या हाती देऊच नये म्हणेन. फटाका वाजला की नवखा माणूस तोल सावरायला लगामालाच लोंबकळतो. त्याला खोगिराचा पुढचा भाग किंवा मानेभोवती बांधलेला पट्टा धरायला द्यावा, आणि घोडा ओळखीच्या माणसाने म्होरकीच्या दोरीने चालवावा.