बिडी त्याची, हात तिचा: ओपीडीतल्या या चुका टाळा

दर वर्षी आमच्या केंद्रावर बॉण्डचा, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवरचा, नवा डॉक्टर येतो. पहिल्या आठवड्यात तो भिंतीवर तंबाखूचं पोस्टर लावतो. दुसऱ्या आठवड्यात एखाद्या आबांना मोबाइलवर कॅन्सरचे फोटो दाखवतो. महिना संपता संपता माझ्याकडे येऊन म्हणतो, "मॅडम, या लोकांना सुधारायचंच नाहीये." घरातल्या मारहाणीचं तो विचारतच नाही, आणि विचारलंच तर सासूसमोर विचारतो. मी चौदा वर्षं तापीच्या कधी या काठाला, कधी त्या काठाला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, काढली आहेत. चुका त्याच त्याच दिसतात. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत, म्हणून लांबून ओळखू येतात.

तंबाखू आणि मारहाण हे दोन वेगळे कार्यक्रम, वेगळी रजिस्टरं, वेगळी ट्रेनिंगं. घर मात्र एकच असतं. ओपीडीत आपण जे बोलतो ते केळीच्या गाडीत, एसटीत बसून त्याच घरी जातं. तिथे त्याचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

"धूम्रपान करता का?"

नाही. संपलं. पुढचा पेशंट.

२०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि धूर न काढता खाणारे, घासणारे, दाबणारे २४.४ टक्के. म्हणजे "धूम्रपान" विचारलं की बहुतेकजण जाळ्यातून सुटतात. "तंबाखू खाता का?" असं विचारलं तरी मिसरी लावणारी आजी खरेपणानेच "नाही" म्हणते. तिच्या लेखी मिसरी दातांची असते, तंबाखू वेगळी. मी विचारते, "सकाळी उठल्यावर काय लागतं? चहाआधी की चहानंतर?" उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय खोल आहे, हे तिथेच कळतं. पुडी खाणाऱ्याला तोंड उघडायला लावा आणि त्याची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का ते बघा. जात नसतील किंवा आत पांढरा, लाल चट्टा असेल, तर पोस्टर राहू द्या, आधी चिठ्ठी लिहून पुढे पाठवा.

सल्ला देऊन हात झटकणे

शासनाच्या ट्रेनिंगमध्ये पाच पायऱ्या सांगतात: विचारा, सल्ला द्या, तयारी बघा, मदत करा, पुन्हा भेटा. नव्वद टक्के डॉक्टर दुसऱ्या पायरीवर बसकण मारतात. (हा आकडा माझा, कुठल्या अहवालात शोधू नका.) "सोडून द्या, नाहीतर मराल" हे वाक्य आबांनी टीव्हीवर, एसटी स्टँडवर आणि सुनेच्या तोंडून ऐकलेलंच असतं.

निकोटिनचा गम चघळायला देणे

गम लिहून देतात, पण खायचा कसा ते सांगत नाहीत. माणूस तो चुइंगमसारखा कचाकचा चावतो, थुंकी गिळतो, त्याला उचक्या लागतात, मळमळतं. "तुमच्या गोळीनं पोट बिघडलं," म्हणत तो संध्याकाळी पानटपरीवर हजर. गम हळू चावायचा. तिखट, झिणझिण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. झिणझिण गेली की पुन्हा दोनचारदा चावायचा. असं अर्धा तास. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा किंवा सोडा नको. तंबाखू दाबायची सवय असलेल्याला हे दाबून ठेवणं उलट पटकन जमतं, फक्त तसं सांगायला हवं. २ मिलिग्रॅमचा की ४ मिलिग्रॅमचा, हे तो वरचा अर्ध्या तासाचा प्रश्न ठरवतो. बुप्रोपियॉन, म्हणजे तंबाखू सोडवायची गोळी, लिहायची हौस असेल तर आधी फिट्सचं विचारा. फिट्स येणाऱ्याला ती गोळी चालत नाही.

घरच्यांना पहारेकरी नेमणे

ही माझी लाडकी चूक. लाडकी म्हणजे मी केलेली.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. चाळिशीचा शेतकरी, कपाशी आणि थोडी केळी, दिवसाला दीड बंडल बिडी, खोकला. बायको सोबत होती. मी जोशात. सोडायची तारीख ठरवली, सोमवार. वहीत लिहून घेतलं. मग त्या बाईकडे वळून म्हणाले, "ताई, आता तुमची ड्यूटी. बंडल दिसलं की लपवायचं. ओढताना दिसले की मला येऊन सांगायचं." तो हसला. तीही हसली, पण तिचं हसू जरा उशिरा आलं. ते मला तेव्हा दिसलं होतं. त्याचा अर्थ मात्र लावला नाही.

गुरुवारी ती एकटी आली. डाव्या हाताला ओढणी गुंडाळलेली, कोपर आणि मनगटाच्या मधोमध सूज. "काय व्हयनं माय?" "मोरीमा पाय घसरना." मी फळी बांधली, दुखण्याची गोळी दिली, एक्स-रेसाठी ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली. जाता जाता दारात थांबून ती म्हणाली, "बाई, त्यासले बिडी पिऊ द्या ना."

तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. मोरीत घसरलेला माणूस हात टेकून पडतो आणि मोडतं ते मनगटाजवळ. हाताच्या मधलं आतल्या बाजूचं एकटं हाड मोडतं ते डोक्यावर येणारी काठी हाताने अडवली की. हे एमबीबीएसला वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पुढच्या शुक्रवारी फिल्म आली. तेच हाड, मधोमध.

तंबाखू सुटल्यावर चिडचिड, झोप उडणं, डोकं दुखणं हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं. आठवडाभर जोर राहतो, दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. हे मला माहीत होतं. त्या तीन दिवसांत बंडल लपवायचं काम मी कुणाला देतेय, याचा विचार केला नव्हता. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. तलफेमुळे माणूस बायकोला मारत नाही. तलफ आली म्हणून तो सरपंचाला मारत नाही, दुकानदाराला मारत नाही. तो आधीही मारत होता. आम्ही फक्त त्याच्या हातात निमित्त दिलं आणि तिला निमित्ताच्या समोर उभं केलं.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. तारीख ठरवायच्या आधी पुरुषाला सरळ विचारते, "तलफ आली की राग येणार. तो कोणावर निघतो?" बरेचजण खरं सांगतात. काहीजण पायाकडे बघतात, तेही उत्तरच. मग ठरवायचं ते त्याच्या स्वतःच्या हातांनी: राग आला की घराबाहेर पडायचं, बांधावर एक चक्कर, गम त्याच्या खिशात, बंडल त्यानेच फेकायचं. सोबतीला दोस्त, आशाताई, नाहीतर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी राष्ट्रीय क्विटलाइन. २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो, तेव्हा कागद शोधायची गरज नाही. बायकोला कामच नाही. तिला मी वेगळं भेटते, तिच्या बीपीच्या निमित्ताने.

आणि तारीख अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर ठेवू नका. अखाजीला गावात पत्त्यांचे डाव बसतात. पत्ते म्हटले की बिडी आलीच.

सासूसमोर विचारणे

हीच अखाजी दुसऱ्या कामाला मात्र सोन्यासारखी. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले, सासू सोबत नाही. त्या आठवड्यात माहेरच्या उपकेंद्रात जी आली तिला विचारायचं. आमच्या सिस्टर दर वर्षी विचारतात, आणि वर्षभर जे कळत नाही ते त्या आठ दिवसांत कळतं.

इतर दिवसांत वेगळी जागा लागते. ओपीडीत पडदा असतो, पण पडद्याला कान असतात. आमच्या केंद्रावर दारावर पाटी आहे, "आत एका वेळी एकच रुग्ण". सगळ्यांना तोच नियम, म्हणजे कुणाला संशय येत नाही. वजन आत, लघवीची तपासणी आत, गरोदर बाईचं पोट तपासणं आत. सासूबाईंना बाहेर बाकावर पाणी द्या, त्यांचंही बीपी मोजून घ्या, वेळ जातो. बोलण्याइतपत मोठं पोर सोबत असेल तर त्यालाही बाहेर. ते घरी जाऊन सगळं सांगतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली बोलणारी बाई असेल तर दुभाषा म्हणून नवरा कधीही नको.

"नवरा मारतो का?" असं टाकून विचारलं की "नाही" येतं. मी म्हणते, "घरोघरी भांडणं होतात, काही ठिकाणी हात उचलला जातो, म्हणून मी सगळ्यांना विचारते. तुमच्याकडे?" २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या लग्न झालेल्या २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय. म्हणजे रांगेतल्या दहापैकी जवळजवळ तिघी. पण लसीसारखं सरसकट सगळ्यांना विचारत सुटा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. जखम, न जुळणारी हकीकत, वारंवार पोटदुखी, झोप न येणं, गरोदरपणात उशिरा येणं, कपाशीचं औषध "चुकून" पोटात जाणं, अशी खूण दिसली की विचारायचं. आणि उत्तर आल्यावर काय करायचं ते ठाऊक नसेल, तर आधी ते शिकून घ्या.

उत्तर आलं की गप्प बसा. हे तरुण डॉक्टरांना सर्वांत जड जातं. ते लगेच म्हणतात, "मग सोडून का देत नाहीस?" किंवा "तू उलट बोलली असशील." दोन्ही वाक्यांनी ती उठून जाते. एवढंच म्हणा, "तुमचा दोष नाही. आज घरी जाणं धोक्याचं आहे का?"

गळा दाबला असेल तर मात्र थांबू नका. वरून काही दिसत नसलं तरी आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यात लाल ठिपके विचारा, बघा. सूज काही तासांनीही चढते. पुढे पाठवा आणि गाडी मिळेपर्यंत सोबत बसा.

केसपेपरवर सगळं लिहिणे

दुसऱ्या एका केंद्रावरची गोष्ट. एका डॉक्टरांनी प्रामाणिकपणे केसपेपरवर ठळक अक्षरात लिहिलं, "नवऱ्याने मारले." केसपेपर पेशंटच्या हातात जातो, औषधाच्या पिशवीत घरी जातो. घरी दहावीतला पुतण्या होता. त्याने मोठ्याने वाचून दाखवला. पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही.

नोंद करू नका असं मी म्हणत नाही. उलट नीट करा, पण केंद्रातल्या रजिस्टरात. तिचेच शब्द अवतरणात, शरीराच्या आकृतीवर प्रत्येक जखमेची जागा आणि माप, कोणी मारलं हे तिने सांगितलं तसं. वळाचा रंग बघून "तीन दिवसांपूर्वीचा" वगैरे ठासून लिहू नका, रंगावरून दिवस अचूक सांगता येत नाही. घरी जाणाऱ्या कागदावर "हाताला दुखापत" पुरे. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करायची वेळ आली तर तिला आधी सांगा, अंधारात ठेवू नका.

"अहवाल नाही म्हणून उपचार नाही," असं म्हणणारा कंपाउंडर भेटला तर त्याला सांगा: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात उपचार नाकारता येत नाही, आणि त्याच्या नियमांत कौटुंबिक घटना अहवाल झाला नसेल तर तो पहिल्या नमुन्यात भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायची जबाबदारी आपल्यावरच आहे. वैद्यकीय अहवालाची प्रत तिला फुकट. कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, एवढी वर्षं झाली तरी हा फॉर्म बऱ्याच केंद्रांत कोऱ्या गठ्ठ्यातच असतो.

नवऱ्याला बोलावून समजावणे

करू नका. पोलीस पाटलांनाही मध्ये घालू नका, ती म्हणेपर्यंत.

नंबर चिठ्ठीवर देणे

महिला हेल्पलाइन १८१, तीन आकडे. तोंडपाठ करून घ्या, चिठ्ठी सापडते. फोन नवऱ्याचा असेल तर लावल्यावर यादीतून काढायला शिकवा, नाहीतर केंद्राच्या फोनवरून लावून द्या. जिल्ह्याच्या ठिकाणचं सखी केंद्र, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, कुठे आहे ते तिला सांगायच्या आधी स्वतः एकदा जाऊन बघा. "तिकडे जा" म्हणणं सोपं आहे. बस कुठून, कोणत्या दारातून, आत कोण बसतं, हे माहीत नसेल तर ती जात नाही.

"काही वाटलं तर या"

तिला काही वाटलं तरी ती येऊ शकत नाही. कारण द्यावं लागतं. म्हणून तारीख द्या, आणि ती घरच्यांना पटेल अशी: बीपी, लोहाची गोळी, पोराचं वजन. बिडीवाल्यालाही तारीख, पहिल्या आठवड्यातली.

हात मोडलेली ती बाई आजही येते. त्याची बिडी अजून सुटलेली नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी ती भाजीची पिशवी घेऊन दारात उभी राहते आणि मोठ्याने म्हणते, "बीपी तपासनी." तिचं बीपी गेली कित्येक वर्षं नॉर्मल आहे. मी पाटी उलटी करते आणि पट्टा बांधायला घेते.